क्लिनिकल ट्रायलमध्ये एथिक्स कमिटीचा खरंच उपयोग होतो का, की ती फक्त सहीपुरती असते?

एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचणीला (ट्रायलला) आधी तपासून मंजुरी देणारी समिती. तिचा उपयोग होतो, पण समितीत कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असतं. मी अशा एका समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सदस्य आहे, त्यामुळे आतून पाहिलेलं सांगते.

टस्कीगी अभ्यासाबद्दल तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेत 1932 ते 1972 पर्यंत सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली गेली. पेनिसिलिन सहज मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. 1969 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून या अभ्यासाचा फेरविचार केला होता, आणि तो चालूच ठेवायचं ठरवलं! त्या पुरुषांना मात्र कुणीच काही विचारलं नाही. जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस), म्हणजे ट्रायल नीट कशी करावी याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समितीत किमान 5 सदस्य लागतात. त्यात एक वैद्यकशास्त्राबाहेरचा आणि एक त्या संस्थेशी संबंध नसलेला. टस्कीगीत फक्त तज्ज्ञांनीच ठरवलं होतं, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आमचा बहुतेक वेळ संमतीपत्रावर जातो. 'तुमच्यावर नवीन उपचार केले जातील' असं वाक्य दिसलं की मी तिथेच थांबवते. औषध लागू पडतं का हेच अजून शोधायचंय, मग त्याला उपचार कसं म्हणायचं? औषधाऐवजी प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळू शकतो, ट्रायल मध्येच सोडली तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, इजा झाली तर खर्च कोण देणार, हे सगळं रुग्णाला घरी नेऊन सावकाश वाचता येईल अशा भाषेत हवं. शिवाय संमती घेणार कोण, हेही आम्ही विचारतो. आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं आजारी माणसाला फार जड जातं.

मंजुरी म्हणजे सुरक्षिततेची हमी मात्र नाही. 2006 मध्ये लंडनला टीजीएन1412 या औषधाची पहिली मानवी चाचणी रीतसर मंजुरीनेच झाली होती. 6 निरोगी स्वयंसेवकांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने डोस दिला गेला आणि सहाही जण अत्यवस्थ झाले. पहिल्याला काय होतं ते पाहायला वेळच ठेवला नव्हता. मंजुरीनंतरची देखरेख हीही समित्यांची दुबळी बाजू आहे: अहवाल येतात, पण प्रत्यक्ष जाऊन पाहणं कमी होतं.

तुम्हाला कुणी ट्रायलमध्ये यायला सांगितलं असेल, तर संमतीपत्रात समितीचा फोन नंबर आहे का ते बघा. नसेल तर मागून घ्या. शंका असेल तर सही करण्याआधी त्या नंबरवर समितीशी थेट बोला. त्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागत नाही.