कोडफोर्सेसचे रेटिंग आणि नोकरी

प्रिय मित्रा,

कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरचे रेटिंग वाढवण्यात आणखी एक वर्ष घालवावे की एखादा प्रकल्प हाती घ्यावा, असे तू विचारले आहेस. कॅम्पस मुलाखतींपुरते बोलायचे तर अनेक मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी ऑनलाइन कोडिंग चाचणीचीच असते, आणि ती ओलांडण्यापुरता सराव हवाच. ही चाळणी नेहमी न्याय्य असते असे मात्र समजू नकोस. मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन असलेल्या होमब्रूचा कर्ता मॅक्स हॉवेल याने २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची फांद्यांसारखी रचना) उलटा करता न आल्याने गूगलने त्याला नाकारले. पण हा किस्सा ऐकवून गणितच मोडीत काढणाऱ्यांच्याही नादी लागू नकोस.

हे उदाहरण पाहा. ‘जीटीए ऑनलाइन’ हा व्हिडिओ गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत. २०२१ मध्ये एका खेळाडूने मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा सुमारे ६३,००० नोंदींची १० एमबीची जेसन फाइल (माहिती साठवण्याची मजकूर-फाइल) वाचताना प्रत्येक तुकड्यागणिक उरलेल्या मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. शिवाय प्रत्येक नोंद पूर्वी येऊन गेली आहे का, हे पाहण्यासाठी आधीची सगळी यादी चाळली जात होती. म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना! दोन्ही दोष काढल्यावर त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचे काम दोन मिनिटांच्या आत आले आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने त्याला १०,००० डॉलरचे बक्षीस दिले. यात ना सेगमेंट ट्री, ना डायनॅमिक प्रोग्रामिंग, म्हणजे स्पर्धांतली कोणतीही अवघड रीत नाही. ‘एन वर्ग’, म्हणजे नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट होते, हे ओळखण्याइतकेच गणित पुरले.

स्पर्धेत एन, म्हणजे इनपुटचा आकार, किती मोठा, हे प्रश्नाखालीच छापलेले असते आणि तू त्यावरूनच रीत निवडतोस. नोकरीत ते कोणी सांगत नाही; यादी लहान असताना वाईट कोडही कोणाला खुपत नाही. ही मर्यादा स्वतः शोधून काढणारा माणूस मला उंच रेटिंगवाल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. डेटाबेस इंजिन, कंपायलर किंवा ग्राफिक्स अशा क्षेत्रांत जायचे असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे खोल गणिताला पर्याय नाही.

तेव्हा स्पर्धा सोडू नकोस, पण आठवड्याला एक पुरे. उरलेल्या वेळात इतरांनी लिहिलेला एखादा मोठा मुक्त-स्रोत (सर्वांना कोड खुला असलेला) प्रकल्प वाच आणि त्यातला एक बग दुरुस्त करून पाठव, कारण स्पर्धेत उत्तर बरोबर ठरल्याचा ‘अ‍ॅक्सेप्टेड’ शेरा येताच विसरायचा कोड लिहिण्याची सवय टीममध्ये सर्वांत आधी नडते. आणि मुलाखतीत प्रश्न समोर आला की लगेच लिहायला घेऊ नकोस; इनपुट किती मोठे असेल, ते आधी विचारून घे.

कळावे.