स्कॉटिश घराच्या 'पॉलिसीज'

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या होपटन हाउस या मोठ्या घराविषयीच्या इंग्रजी मजकुरात 'हाउस अँड पॉलिसीज' असं आलंय. मराठीत 'वाडा आणि त्याची धोरणं' म्हणायचं का?

अजिबात नको. इथे धोरणाचा संबंध नाही आणि विम्याचाही नाही. विम्याची पॉलिसी इटालियन 'पोलिझा'वरून आली, धोरणवाली ग्रीक 'पोलितेइया'कडून. स्कॉटलंडमध्ये मात्र या दुसऱ्या शब्दावर लॅटिन 'पोलितुस'ची, म्हणजे घासूनपुसून नीटनेटकं केलेल्याची, छाया पडली. त्यातून जमीन सुधारणं, शोभिवंत करणं हा अर्थ आला आणि पुढे ती सुधारलेली जमीनच 'पॉलिसीज' झाली. या अर्थी शब्द बहुधा अनेकवचनीच दिसतो.

यात काय काय येतं? फाटकापासून घरापर्यंतचा झाडांमधून जाणारा रस्ता, हिरवळ, आडोशाला लावलेले झाडांचे पट्टे, तळं, तबेले, भिंतबंद बाग. कुळांनी कसायची शेतं येत नाहीत. ती धरली की 'इस्टेट' होते, त्यामुळे 'पॉलिसीज'चं भाषांतर इस्टेट केलंत तर मालकाची सगळी जमीन त्यात शिरते. मी 'घर आणि भोवतालचं आवार' लिहीन. आवार जरा लहान वाटतं खरं, पण 'राखीव परिसर' म्हटलं की वनखात्याची पाटी डोळ्यांपुढे येते.

आता 'वाडा'. वाडा आत बघतो: मधे चौक, भोवती सोपे, रस्त्याकडे दिंडी दरवाजा आणि बरीचशी बंद भिंत. होपटन नेमकं उलट आहे. वास्तुशिल्पी विल्यम ब्रूसने 1699 मध्ये सुरू केलेल्या घराला दुसरा वास्तुशिल्पी विल्यम ॲडमने 1721 पासून पूर्वेकडे नवं रूप दिलं: भिंतीला चिकटलेले भव्य कॉरिंथियन अर्धस्तंभ, माथ्यावर कठडा, दोन्ही अंगांनी वळत जाणाऱ्या स्तंभरांगा आणि त्यांच्या टोकांना पॅव्हिलियन. तो 1748 मध्ये वारल्यावर जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी काम पुरं केलं. हे सगळं लांबून येणाऱ्याने बघावं म्हणून रचलेलं, तेव्हा वाडा म्हणून भागत नाही. 'गढी' स्कॉटलंडमधल्या जुन्या बुरुजवजा घरांना शोभेल, याला नाही. सरळ 'होपटन हाउस' ठेवा. 1936 ते 1943 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो हे घर ज्यांनी बांधवलं त्या होप घराण्यातले, एवढी ओळख मराठी वाचकाला पुरते. आणि पॅव्हिलियनला 'मंडप' नको. या बाजूच्या भक्कम दगडी इमारती आहेत. अशा घरांत स्वयंपाकघर किंवा तबेला बऱ्याचदा तिथेच असे.

अशा आवारांच्या वर्णनात आणखी एक शब्द हमखास अडतो: 'हा-हा'. लोक 'खंदक' लिहून मोकळे होतात आणि वाचकाला किल्ला दिसू लागतो. हा-हा म्हणजे चर खणून त्यात लपवलेलं कुंपण. चराची घराकडची बाजू दगडी भिंतीने उभी बांधतात, भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीत ठेवतात आणि पलीकडची बाजू उतरती करून गवत लावतात. गुरं उतारावरून खाली येतात, भिंतीशी अडतात. दिवाणखान्यातून मात्र गवत सलग पसरलेलं दिसतं. बाजू उलटी लिहिलीत तर सगळा खटाटोपच फुकट, कारण घरातून नेमकी भिंतच दिसेल. 'बुडीत कुंपण' चालेल.

'वॉल्ड गार्डन'ला 'तटबंदीची बाग' हेही तसंच फसवं. ती भिंत संरक्षणापेक्षा उबेसाठी असते. दक्षिणेचं ऊन खाणाऱ्या बाजूला पीच, जर्दाळूची झाडं फांद्या पसरून भिंतीला बांधतात. काही जुन्या भिंतींच्या पोटात धुराच्या नळ्या आहेत, मागे जाळ करून भिंतच तापवत. 'भिंतबंद बाग' पुरे.

एकवचनी 'पॉलिसी' आली तर आधी क्रियापद बघा. झाडं लावली, फाटक बसवलं, फिरायला गेले, असं असेल तर ते आवार. जाहीर केली, बदलली, असं असेल तर नेहमीचं धोरण.