मुलीचं आयआयटी हुकलं, ड्रॉप घेऊ द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आयआयटीच्या जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेत पात्र ठरली, पण जोसाची (आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाची) शेवटची फेरी होऊनही आयआयटी लागली नाही. ती खोलीबाहेर येत नाही आणि ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायचं, काय करावं ते तुम्हाला सुचत नाही.

आधी तिच्याकडे बघा. दोन-चार दिवस रडणं, चिडणं, फोन बंद ठेवणं समजण्यासारखं आहे. पण झोप-जेवण उडालं असेल, 'मी नसते तर बरं' असं काही बोलली असेल, तर 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. 'त्यात काय एवढं' मात्र म्हणू नका. दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता, हे तिला ठाऊक आहे. नातेवाइकांचे फोन तुम्हीच घ्या. आकडेही जरा बघा: २०२५ मध्ये पात्र ठरले ५४,३७८ आणि आयआयटीच्या जागा होत्या १८,१६०. पात्र होऊन बाहेर राहिलेलेच जास्त.

ड्रॉपचं आज ठरवू नका, आधी कॅपकडे बघा, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांकडे; त्या थांबत नाहीत. हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडची नोंदणी नि कागदपत्रांची पडताळणी झालीय ना, हे आजच तपासा. ती मुदत चुकली की संस्थास्तरावरच्या आणि उरलेल्या जागांवरच भिस्त ठेवावी लागते. ओबीसी असाल तर जोसासाठी काढलेला केंद्राचा दाखला इथे चालत नाही, राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. धावपळ तुम्ही करा, पसंतीक्रम तिला लावू द्या. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, रसायनात रस असेल तर मुंबईचं आयसीटी, ही कॉलेजं तिच्या आवडीने वर-खाली होऊ देत. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ती जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच पक्की धरली जाते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा शेजाऱ्यांना सांगायला बरं म्हणून कुठलंही नाव वर टाकू नका.

क्लासवाले रिपीटर बॅचची सवलत घेऊन फोन करतील. त्यांची घाई ही त्यांची. अॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. ती यंदाच बारावी झाली असेल आणि अॅडव्हान्स्डला पहिल्यांदाच बसली असेल तर एक संधी आहे, नाहीतर विषय संपला. संधी असेल तर तिचे शेवटच्या पाच-सहा सराव परीक्षांचे गुण काढा. चढते असून ऐन पेपरात घसरली असेल आणि ती स्वतःहून मागत असेल, तर ड्रॉपला अर्थ आहे. सगळेच गुण एका जागी अडकलेले असतील, तर आणखी एक वर्ष त्याच क्लासात बसवून फरक पडेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेऊनही पुढच्या वर्षी अॅडव्हान्स्डला बसता येतं. आड येते ती आयआयटीतली घेतलेली जागा. फक्त पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला लागूनच जानेवारीची जेईई मेन, म्हणजे अॅडव्हान्स्डच्या आधीची परीक्षा, येते, हे तिला आधीच सांगून ठेवा.