टी१ वरून (मेंदूची रचना दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेवरून) काढलेला व्हाइट मॅटर मास्क (मेंदूतला श्वेत द्रव्याचा भाग दाखवणारा नकाशा) फंक्शनल एमआरआयवर (मेंदूचं काम टिपणाऱ्या प्रतिमेवर) सरकलेला दिसतो. नीट कसा बसवायचा?

मास्क थेट जुळवू नका. आधी फंक्शनल प्रतिमा टी१ वर जुळवा, मिळालेला मॅट्रिक्स (एका प्रतिमेतली जागा दुसरीत कुठे येते हे सांगणारे आकडे) उलटा करा आणि त्या उलट्या मॅट्रिक्सने मास्क फंक्शनल ग्रिडवर न्या. यासाठी एफएसएल या मेंदू-प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमधली सीमेवर आधारलेली पद्धत, म्हणजे बीबीआर, मला सर्वांत भरवशाची वाटते. ती ग्रे आणि व्हाइट मॅटरच्या सीमेलगतचा तीव्रतेतला फरकच पाहते, त्यामुळे मास्कची कड जिथे असायला हवी तिथेच येते.

खरी गफलत बहुधा पुढच्या पायरीत होते. १ मिमीच्या टी१ वरून ३ मिमीच्या ग्रिडवर जाताना एका मोठ्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या त्रिमितीय ठोकळ्यात) २७ लहान व्हॉक्सेल मावतात. 'नियरेस्ट नेबर' (सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलची किंमत घेणारी पद्धत) निवडलं तर त्यांतला एकच पाहिला जातो आणि कड दातेरी होते. म्हणून:

- टी१ वरच ०.९ चा थ्रेशोल्ड (किमान मर्यादा) लावून मास्क एक-दोन व्हॉक्सेल आत घ्या. ३ मिमीवर हे केलंत तर बारीक पट्टे नाहीसेच होतात.
- मग सरासरी घेऊन रीसॅम्पल करा (नव्या ग्रिडवर किंमती काढा), दशांश किंमती राहू द्या, आणि शेवटी पुन्हा ०.९ लावा.

फास्ट (एफएसएलमधलं ऊतींचे भाग वेगळे करणारं साधन) वापरत असाल तर टी१ साठी व्हाइट मॅटरची फाइल पीव्हीई_२ असते. फ्रीसर्फर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या एसेगमध्ये (मेंदूच्या भागांना क्रमांक देणाऱ्या फाइलमध्ये) व्हाइट मॅटरची लेबल २ आणि ४१.

एक अट मात्र आहे: चुंबकीय क्षेत्राची विकृती फील्डमॅपने (त्या क्षेत्राच्या मोजलेल्या नकाशाने) दुरुस्त केली नसेल, तर कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग यानंतरही हललेलाच राहील. तिथे मास्कची कड डोळ्यांनी तपासा.