रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी संस्था काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही आठ मित्र-मैत्रिणी दर शनिवारी रात्री रेल्वे स्थानकाबाहेर झोपणाऱ्यांना खिचडी वाटतो, हिवाळ्यात ब्लँकेटं देतो. आता रीतसर संस्था नोंदवायची आहे. ट्रस्ट करावा की सोसायटी? सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नोंदणीचा अर्ज हातात घेण्याआधी दोन आठवडे वहीचं काम करा. रात्री अकरानंतर आणि पहाटे पाचच्या सुमाराला त्याच परिसरात फिरा. कोण कुठे झोपतं, बायका किती, मुलं किती, म्हातारे किती, कोणाच्या पायाला जखम आहे, दिवसा कोण कामाला जातं, हे लिहून काढा. फोटो काढू नका. फूटपाथवर झोपणारे बहुतेक जण हमाली, बिगारी, केटरिंग, भंगार वेचणं असं काही ना काही काम करतात. त्यांना एका रात्रीच्या जेवणापेक्षा सामान ठेवायला सुरक्षित जागा, आंघोळीची सोय, दवाखान्यात सोबत येणारं माणूस किंवा आधार कार्ड जास्त हवं असतं. शनिवारी तीन-तीन गट खिचडी घेऊन येतात आणि मंगळवारी कोणी फिरकत नाही, असंही होतं. संस्थेचा हेतू या वहीतून ठरू द्या.

आता नोंदणी. महाराष्ट्रात तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सोसायटी काढायला किमान सात जण लागतात. ती पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. ही दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. अशा संस्थेला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नुसता ट्रस्ट विश्वस्तपत्र करून होतो, माणसं कमी लागतात आणि क्रमांक ‘ई’चा मिळतो. तिसरी वाट कंपनी कायद्याच्या कलम ८ची. तिला दोन संचालक पुरतात, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि त्यांचा खर्च लहान गटाला झेपत नाही. तुम्ही आठ जण आहात, सगळ्यांना मत हवं असणार, म्हणून सोसायटी करा.

कागद साधे असतात : उद्देशपत्र, नियमावली, सभासदांची ओळखपत्रं आणि संमतिपत्रं, कार्यालयाच्या जागामालकाचं ना-हरकत पत्र, वीजबिल, ठराव, प्रतिज्ञापत्र. विश्वस्त व्यवस्था अस्तित्वात आल्यापासून तीन महिन्यांत तिच्या नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. नावाचे दोन-तीन पर्याय तयार ठेवा, कारण मिळतंजुळतं नाव आधीच कोणी घेतलेलं असतं.

खरी काळजी उद्देशाच्या कलमांत घ्या. गोशाळेपासून संगणक वर्गापर्यंत वीस उद्देश लिहायची पद्धत पडली आहे. पुढे प्राप्तिकराच्या नोंदणीच्या वेळी उद्देशांनुसार प्रत्यक्ष काय काम केलं याची विचारणा होते आणि तिथे अडचण येते. बेघर व निराधारांना निवारा, अन्न, वैद्यकीय मदत, ओळखपत्रं आणि कुटुंबाशी पुनर्भेट एवढं पुरे. संस्था बंद पडल्यास मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम मात्र विसरू नका.

लहान संस्था अडते ती बहुधा बदल अर्जावर. कार्यकारिणीतले दोघं नोकरीनिमित्त गाव सोडतात, नवे दोघं येतात आणि धर्मादाय कार्यालयाला कोणी कळवत नाही. कायद्याने ९० दिवसांत कळवायचं असतं. नोंद झाली नाही की बँक नव्या सह्या घेत नाही आणि खातं अडकतं. म्हणून तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने खातं चालेल असा ठराव पहिल्याच सभेत करा. नोंदणी होईपर्यंत खर्च आपापसांत भागवा. लोकांकडून पैसे गोळा करायचे झाले, तर गणेश मंडळांना वर्गणीसाठी लागते तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

खिचडी चालू ठेवणार असाल तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची मूळ नोंदणी (बेसिक रजिस्ट्रेशन) करून घ्या. तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा. संध्याकाळी सहाला शिजवून झाकलेला भात रात्री अकरापर्यंत कोमट राहतो आणि नेमका तोच बाधतो. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला जुलाब लागले तर रात्री जायला शौचालयही नसतं, याचा विचार करा.

प्रश्न : एक मोठा फ्लॅट भाड्याने घेऊन ३० जणांसाठी रात्रनिवारा सुरू करायचा विचार आहे. किती जागा लागेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे पहिलं काम म्हणून घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत निवाऱ्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली आहे. म्हणजे ३० जणांना १,५०० चौरस फूट, शिवाय शौचालयं, स्नानगृह, सामानाची कपाटं आणि तीन पाळ्यांतली माणसं. भाडं एकदाचं जमतं, पगार दर महिन्याला द्यावे लागतात.

शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे एक चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दिले. म्हणजे ही जबाबदारी सरकार आणि महापालिकांची आहे. आधी तुमच्या महापालिकेचे निवारे कुठे आहेत ते पाहा आणि त्यांतल्या किती खाटा रिकाम्या आहेत ते विचारा. रिकाम्या असतील तर कारणं शोधा. निवारा कामाच्या ठिकाणापासून लांब असतो. नवरा-बायकोला एकत्र राहता येत नाही. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपू देत नाहीत. हातगाडी किंवा भंगाराचं पोतं ठेवायला जागा नसते. यांतलं एक कारण जरी तुम्ही महापालिकेशी बोलून दूर केलंत, तरी ३० खाटांइतकं काम होईल. महापालिका निवारे चालवायला संस्थांकडे देतात, पण त्यासाठी कामाचा अनुभव आणि तपासलेले हिशेब लागतात. दोन-तीन वर्षं रस्त्यावर काम करा, मग तो अर्ज भरा.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ आमच्या नव्या संस्थेला पैसे पाठवणार आहे. घेता येतील? ८०-जीचं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : भावाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे आधी विचारा. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो अमेरिकन नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परदेशी देणगी ठरते. त्यासाठी परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते. ती मिळायला संस्था तीन वर्षं जुनी आणि तेवढ्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. पैसे तुमच्या खात्यात मागवून संस्थेकडे वळवू नका. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फतही घेऊ नका, २०२० च्या दुरुस्तीने ते हस्तांतर बंद झालं आहे.

८०-जी, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी संस्थेची नोंदणी : नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी बोलण्यात हेच नाव आहे. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही. पावती फाडतानाच पॅन क्रमांक घ्या, कारण देणगीदारांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि मे महिन्यात पॅनसाठी दोनशे जणांना फोन करत बसणं होत नाही.

प्रश्न : एसटी स्टँडवर एक मनोरुग्ण बाई महिनाभर बसून आहेत. भाषा कळत नाही, कपडे फाटलेले आहेत. आमच्या खोलीवर नेऊन ठेवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमची तळमळ कळते, पण खोलीवर ठेवू नका. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या जागेची मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खाली नोंदणी लागते. ती नसेल तर पहिल्याच वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उपचारांविना बंद खोली त्या बाईंना आणखी घाबरवेल.

याच कायद्याचं कलम १०० नीट वाचून एक प्रत खिशात ठेवा. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असावा असं वाटणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही. घरच्यांचा शोध घेण्यासाठी हरवलेल्या व्यक्तीचा गुन्हाही नोंदवायचा असतो. पोलीस ठाण्यात नोंद करा, तिचा क्रमांक मागून घ्या आणि जिल्हा रुग्णालयात सोबत जा. पुढच्या उपचारांसाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कर्जतचं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचंच काम करतं. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याआधी रोज ठरावीक वेळेला दोघं जा, त्यांत एक बाई असू द्या. चहा, पाणी ठेवा, थोडं लांब बसा. जबरदस्तीने केस कापणं, आंघोळ घालणं, व्हिडिओ काढणं मुळीच नको. जखमेत किडे दिसले तर थांबू नका, १०८ला फोन करा. सोबत मूल असेल तर १०९८ला कळवा. ते मूल २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर जायला हवं.

औषधं लागू पडली की गावाचं, नदीचं, देवळाचं, शाळेचं नाव हळूहळू ओठांवर येतं. त्यावरून तिथल्या पोलीस ठाण्याला फोन करत जायचं. घरी पोचवताना डॉक्टरांची चिठ्ठी, औषधं आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा पत्ता कुटुंबाच्या हाती द्या आणि पुढे दर महिन्याला फोन करा. औषध थांबलं की माणूस पुन्हा रस्त्यावर येतो, आणि बहुतेक वेळा ते थांबण्याचं कारण गावात गोळी मिळत नाही एवढंच असतं.

प्रश्न : कागदच नसलेल्या आजोबांचं आधार कार्ड कसं काढायचं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधारच्या ठरावीक नमुन्यातलं, फोटो लावलेलं प्रमाणपत्र चालतं. ते राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख देऊ शकतात. ते तीन महिनेच वैध असतं, म्हणून केंद्रावरची वेळ आधी घ्या. नवी नोंदणी मोफत असते. बोटांचे ठसे झिजले असतील तर तसं आधी सांगा, डोळ्यांच्या नोंदीवर काम होतं. आजोबांना मतदार यादीतही नाव घालता येतं. बेघर माणसासाठी पत्त्याच्या पुराव्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन ते तिथेच झोपतात का हे पाहतात.

मोबाइल क्रमांक मात्र आजोबांचाच द्या. कार्यकर्त्याचा क्रमांक जोडला आणि तो माणूस संस्था सोडून गेला, तर पेन्शनच्या अर्जाच्या वेळी ओटीपी भलत्याच फोनवर जातो. नोंदणीच्या पावतीची एक प्रत संस्थेच्या फाइलमध्ये ठेवा. फूटपाथवर पाऊस, चोरी आणि अतिक्रमण विभागाची गाडी यांतून कागद वाचत नाही.