१८७० नंतर हिंदुस्थान व इंग्लंडमध्ये विभागलेल्या कुटुंबांत जुन्या कर्जाच्या रकमेवरून वाद का होत?

मुख्य कारण असे की देणे रुपयांत मोजायचे की पौंडांत, हे घरगुती कागदात अनेकदा लिहिलेले नसे आणि मधल्या काळात रुपया घसरत गेला. रुपया चांदीचा, तर पौंड सोन्याशी बांधलेला असल्याने, १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा (२० शिलिंग म्हणजे एक पौंड) असलेला रुपया चांदी स्वस्त होत गेली तसा १८९३ पर्यंत सुमारे सव्वा शिलिंगावर आला; म्हणजे १०० पौंड फेडण्यास पूर्वी १,००० रुपये पुरत, तेथे १,६०० लागू लागले. हा बोजा ऋणकोने सोसावा की धनकोने, याविषयी दोघांचेही म्हणणे मला समजण्यासारखे वाटते. मात्र कागद १८९९ ते पहिले महायुद्ध या काळातील असल्यास हे कारण लागू पडत नाही, कारण तेव्हा पौंडास १५ रुपये हा दर बहुतांशी स्थिर होता.