बोडी ते ऱ्हायोलाइट: ओसाड खाणगावांचे छायाचित्रण

सप्टेंबरच्या अखेरीस सॅन होजेहून निघून पाच दिवसांत अमेरिकेतील कॅलिफोर्नियातले बोडी आणि नेव्हाडातली व्हर्जिनिया सिटी, टोनोपा, गोल्डफील्ड व ऱ्हायोलाइट ही खाणींची जुनी गावे कॅमेऱ्यात टिपायची आहेत, तर कुठे किती वेळ द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. व्हर्जिनिया सिटी या खेपेस वगळा, असे मी सुचवेन. ते नांदते गाव आहे आणि पर्यटकांच्या दुकानांतून जुने शहर वेगळे काढण्यात तुमचा दिवस जाईल. बोडीला दोन पूर्ण दिवस द्या, एक दिवस ऱ्हायोलाइटला द्या आणि उरलेला वेळ प्रवासासाठी ठेवा.

बोडीला जाण्यापूर्वी ते गाव तिथे का वसले, हे नीट समजून घ्या, कारण त्याशिवाय तिथे केवळ मोडक्या भिंतींची सुंदर चित्रे मिळतात आणि तशी चित्रे जगात पुष्कळ आहेत. १८५९ मध्ये तिथे सोने सापडले, पण खरी भरभराट १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली आणि हजारो माणसे सुमारे ८,४०० फूट उंचीवरच्या त्या उघड्या माळावर राहायला आली. आसपास झाडे जवळजवळ नाहीत, तरी गाव बहुतांशी लाकडी आहे. घरांसाठी, खाणीतल्या टेकूंसाठी आणि बाष्पयंत्रांसाठी लागणारे लाकूड १८८१ पासून मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलातून खास बांधलेल्या रेल्वेने येत असे. ते जळण इतके महाग पडे की १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस स्टँडर्ड या तिथल्या खाणकंपनीने सुमारे १३ मैलांवरच्या ओढ्यावर वीज तयार करून ती तारांनी गिरणीपर्यंत आणली. सोन्याचा दगड कुटणारी ती गिरणी १८९८ मध्ये जळाली. आज टेकडीच्या उतारावर दिसते ती त्यानंतर पुन्हा उभारलेली. तिचे चित्र घेताना पुढचा उजाड माळ चौकटीत ठेवा, म्हणजे लाकूड आणि वीज यांची ही सगळी धडपड कशासाठी होती, ते पाहणाऱ्याला उमगेल. गिरणी गावाच्या पूर्वेला असल्यामुळे तिच्यावर दुपारनंतरचा प्रकाश चांगला पडतो. आत मात्र फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येते.

१९६२ पासून बोडी राज्य उद्यान आहे आणि तिथले धोरण मला मनापासून आवडते: पडझड थोपवायची, छप्पर आणि पाया सावरायचा, पण काहीही नवे करायचे नाही. म्हणून बहुतेक घरे बंद असतात आणि आतले सामान खिडकीतूनच पाहावे लागते. बून यांच्या दुकानाच्या खिडकीशी जरूर थांबा, कारण फळ्यांवर डबे आणि बाटल्या अजून मांडलेल्या आहेत. भिंगाला रबरी हूड (पुढे लावायचे कडे) लावून तो काचेला अलगद टेकवा, म्हणजे मागच्या आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे होते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवा आणि आतल्या अंधारासाठी निरनिराळ्या एक्स्पोजरच्या तीन चौकटी घ्या. काचेवरची धूळ पुसू नका, कारण तीही त्या खोलीचाच भाग आहे. बाहेरच्या भिंतींसाठी तिरपा प्रकाश लागतो. काही ठिकाणी लाकडावर चपटे केलेले पत्र्याचे डबे ठोकलेले आहेत. त्यांचा गंज आणि शेजारच्या फळीचे रेषे जवळून घेतले, तर तिथल्या टंचाईचे चित्र आपोआप उभे राहते. उद्यान सूर्योदयाला उघडत नाही, त्यामुळे पहाटेच्या प्रकाशाचा हट्ट असेल, तर छायाचित्रकारांसाठी लवकर प्रवेशाची सोय केव्हा आहे, याची चौकशी आधीच करा. ड्रोनला बंदी आहे. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता आहे आणि आत खाणे किंवा पेट्रोल मिळत नाही, म्हणून मुक्काम ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंगला करा.

टोनोपाला जेवण आणि पेट्रोल, गोल्डफील्डला १९०८ च्या हॉटेलाची दर्शनी बाजू, एवढे पुरे. ऱ्हायोलाइट मात्र बोडीच्या अगदी उलट आहे. १९०४ मध्ये जवळच सोने सापडले आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर काँक्रीटच्या इमारती उठल्या. १९०७ च्या आर्थिक संकटाने पैसा आटला, १९११ मध्ये मुख्य खाण बंद झाली आणि १९१६ मध्ये वीजही तोडली गेली. उपयोगाचे सामान लोकांनी काढून नेले आणि उरले ते नेता न येण्यासारखे सांगाडे. म्हणून इथे बारकावे शोधण्यापेक्षा आकार शोधावेत: कुक बँकेच्या तीन मजली भिंतीच्या रिकाम्या खिडक्यांतून दिसणारे आकाश, आणि बाटल्यांच्या घरात मातीत रचलेल्या हजारो बाटल्यांचे बाहेर आलेले गोल तळ. वाळवंटातली दुपार चित्रासाठी निरुपयोगी असते, त्यामुळे आदल्या रात्री चार मैलांवरच्या बीटी गावात राहा आणि सकाळी लवकर पोहोचा.

या सर्व परिसरात उघड्या, अर्धवट बुजलेल्या खाणी आहेत; चौकट कितीही मोहाची असली, तरी कुंपण ओलांडू नका आणि बोगद्यात शिरू नका, कारण आतले टेकू शतकभर जुने आहेत आणि हवा विषारी असू शकते. जमिनीवर दिसणारा खिळा किंवा काचेचा तुकडाही उचलू नका. पुढच्या छायाचित्रकाराला तो जागच्या जागी मिळाला पाहिजे.